वाचणारीची तिवई

मी एक जुनी तिवई आहे, फणसाच्या लाकडाची, एक पाय किंचित आखूड असलेली. मित्रांनो, आधीच सांगते, माझी कीव करू नका. मी केरळातल्या कण्णूरच्या विडी कारखान्यात वाढले. तिथे कुणी काही सांगितलं की लगेच मान डोलवायची पद्धत नव्हती.

मला तिथेच विड्या वळणाऱ्या कोरनेट्टननी बनवलं. कोरन त्यांचं नाव, आणि एट्टन म्हणजे दादा. कारखान्यात पन्नास माणसं मांडीवर सूप घेऊन पानं कापत, तंबाखू भरत, दोरा बांधत. हात गुंतलेले, कान मात्र रिकामे. तेव्हा मेडम महिन्यापासून, म्हणजे आपल्या चैत्र-वैशाखापासून, त्यांच्यातल्याच माधवीनं माझ्यावर बसून वर्तमानपत्र वाचायचं ठरलं. वाचताना तिचं काम राही, म्हणून बाकीचे आपल्या विड्यांतली मूठमूठ तिच्या सुपात टाकत.

एक नियम होता. पान ज्या पत्र्याच्या मापानं कापतात, त्या पत्र्यावर कात्री वाजली की वाचणारीनं थांबायचं. कुणाला तरी शंका आली आहे, एवढा त्याचा अर्थ.

एकदा माधवीनंच लबाडी केली. तिच्या आवडत्या पुढाऱ्याची बातमी होती. ती पुढे सरसावली, तिचा सगळा भार माझ्या आखूड पायावर आला आणि मी ओळखलं. शेवटचं वाक्य तिनं गिळलं. लगेच खण्ण!

"माधवी, खाली काहीतरी उरलंय," कोरनेट्टन म्हणाले. "तुझे डोळे तिथं जाऊन परत आले."

"ते काही महत्त्वाचं नाही हो, एट्टा."

"कुणाला? तुला की आम्हाला?"

तिनं ते वाक्य वाचलं. तिचे कान लाल झाले होते, पण वाचलं.

पुढे वळलेल्या विड्या आपोआप उकलू लागल्या. मालकांनी भिंतीवर कागद लावला आणि मुकादम पोक्कन मला उचलायला आला. म्हणाला, "ही आता जळणात जाणार."

"जाऊ दे. पण आधी तुमचा कागद तरी वाचते," असं म्हणून माधवी माझ्यावर बसली, अगदी ताठ.

"मेडममध्ये वाचन सुरू झाले. त्यानंतर विड्या उकलू लागल्या. सर्व सुज्ञ लोक जाणतात..."

खण्ण! "कोण हो ते सुज्ञ? नावं वाच की!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

"...की लक्ष दोन ठिकाणी राहत नाही. म्हणून आजपासून वाचन बंद."

त्या 'म्हणून'वर पन्नास कात्र्या एकदम वाजल्या. माझे तिन्ही पाय थरथरले, आणि भीतीनं नव्हे!

"त्यानंतर की त्यामुळे?" कोरनेट्टननी विचारलं. "मेडममध्ये माझ्या नातवाला पहिला दात आला. आता विड्या तोच उकलतो म्हणायचं का?"

"आणि मेडममध्येच गोदामात गेल्या वर्षीची वाळकी पानं आली," माधवी म्हणाली. "ते कागदात कसं नाही?"

पोक्कन चिडला. "म्हणजे दोष पानांचाच, असं ठरवून टाकलंत!"

"ठरवलं नाही. आठवडाभर वाचन बंद ठेवा, पानं हीच ठेवा. बघू काय होतं ते," कोरनेट्टन म्हणाले.

तो आठवडा मी मुकादमाच्या खोलीत जळणाशेजारी उलटी पडून काढला. अशी चडफडले म्हणून सांगू! कारखान्यात चिडीचूप होतं, आणि विड्या तशाच उकलत होत्या. मग चांगली पानं आली, माधवी पुन्हा माझ्यावर बसून वाचू लागली, आणि विड्या उकलायच्या थांबल्या. भिंतीवरचा कागद गुपचूप निघाला. आपलं चुकलं असं मालक कधीच म्हणाले नाहीत.

आता मी गावच्या वाचनालयात असते. माझ्यावर एक सुबक पाटी लावली आहे: 'या तिवईमुळे कामगारांचे वाचन टिकले.' रोज मुलं येतात, पाटी वाचतात आणि माना डोलावतात. माझ्या अंगाची लाही लाही होते! अहो, खरी परीक्षा झाली त्या आठवड्यात मी कुठे होते? उलटी, जळणाशेजारी! वाचन टिकवलं ते कात्र्या वाजवणाऱ्यांनी.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, मला काही फरक पडत नाही. पण त्या पाटीसमोर तुमच्यापैकी एकानं तरी थांबून खण्ण करावं. कात्री नसली तर कंपासपेटी चालेल.