उलटी बसवलेली फरशी

मित्रांनो, मी एक जुनी शहाबादी फरशी आहे, आणि तीही उलटी बसवलेली. गुळगुळीत बाजू मातीत, खडबडीत बाजू वर. येणारेजाणारे गवंड्याला हसायचे. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

खाणीतून मी औसा तालुक्यातल्या केवळाबाईंच्या ओसरीवर आले. त्यांच्या नऊ वर्षांच्या लेकीने, कौशीने, खिळ्याने माझ्यावर खडे मांडून खेळायच्या नवकंकरीचा पट कोरला आणि त्यापायी मारही खाल्ला. मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. दगडामातीच्या भिंतींखाली कौशी गेली. "दगडानं माझी लेक खाल्ली," असे केवळाबाई म्हणत. तरी ढिगाऱ्यातून त्यांनी मला उचलून नव्या वसाहतीत नेले आणि गवंड्याकडून दारात पालथी बसवून घेतली. कौशीच्या पटावर कुणाचा पाय पडू नये म्हणून. हे त्यांनी कुणालाच सांगितले नाही.

पुढे लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले. केवळाबाईंची नात देविका तिथे डॉक्टर व्हायला गेली. तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतले नजीरचाचा तिला एकदा म्हणाले, "बेटा, शहाबादी फरशी म्हंजे पुराण्या समुद्राचा गाळ हाय. तुकडा आण, बघू." क्लासचे सर म्हणाले, "हे परीक्षेत येत नाही." झाले, मग तर तिला बघायचेच होते.

दिवाळीच्या सुटीत तिने मला पहारीने उचकटले आणि हातोड्याने माझा कोपरा उडवला. उलट्या फरशीला कोण विचारतो! मी उलटून पडले तेव्हा पट दिसला. त्याची एक रेघ देविकाच्या हातातल्या तुकड्यावर होती.

केवळाबाईंनी दारातच वाकून पटावर हात फिरवला. "कौशीचं तेवढंच ऱ्हायलं होतं गं!"

दोन दिवस त्यांनी नातीच्या हातचे पाणीही घेतले नाही. मला माझ्या कोपऱ्यापेक्षा त्यांचेच वाईट वाटले.

देविका रडवेली होऊन तुकडा घेऊन गेली. नजीरचाचांनी रेघेला धक्का लावला नाही. मागची कपची काढून, घासून घासून इतकी पातळ केली की तिच्यातून उजेड आरपार जाऊ लागला. सूक्ष्मदर्शकाखाली गोल, काळपट ठिपके दिसले. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात तरंगणारे जीव होते ते! माझ्याच पोटात होते, पण मलाही पत्ता नव्हता.

देविकाने हातापाया पडून आजीला लातूरला नेले. केवळाबाईंनी एक डोळा मिटून खूप वेळ पाहिले.

"हे जित्ते होते?"

"हाव माय," नजीरचाचा म्हणाले. "मेले, गाळात दबले. दगडानं जपून ठिवले."

"दगड जपतो बी म्हणायचं," केवळाबाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी देविकाचा हात धरला.

घरी येताच त्यांनी तुकडा सिमेंटने जोडून घेतला आणि मला ओट्यावर सुलटी बसवायला लावले.

मित्रांनो, माझ्यावर खुशाल बसा, खेळा. फक्त जुने काही फोडण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा.

आता वसाहतीतल्या पोरी माझ्यावर नवकंकरी खेळतात. पहिला खडा मात्र केवळाबाई स्वतः मांडतात. "हा कौशीचा," म्हणतात, आणि मग पोरींना खेळू देतात.