काही नाही हो

वॉर्डात मला ‘गोगलगाय’ म्हणतात. शिरेतून कॅल्शियम द्यायचं असलं की मी अगदी हळूहळूच देते, कुणाच्या बापाचं ऐकत नाही, म्हणून. म्हणोत बापडे.

त्या दुपारी खाटेवर एक बाई होत्या; कपडे शिवायचा त्यांचा धंदा. आदल्या दिवशी थायरॉइडचं ऑपरेशन झालेलं. आता ओठांभोवती मुंग्या येत होत्या आणि दोन्ही हातांची बोटं आखडून चोचीसारखी झाली होती. रक्तातलं कॅल्शियम घसरलं होतं. डॉक्टर म्हणाले, “मॉनिटर लावा. पातळ करून, हळूहळू द्या.” ऑपरेशनच्या वेळची सुई उजव्या हातावर होतीच. तिथूनच सुरू केलं.

त्यांचा नवरा येरझाऱ्या घालत होता. “अहो सिस्टर, तिचा जीव चाललाय आणि तुम्ही थेंब थेंब काय देताय? एकदम द्या ना!”

“एकदम दिलं तर हृदय बंद पडेल. मग कुणासाठी भांडाल?”

तो स्टुलावर बसला.

“बाई, सुईपाशी दुखतंय का?”

“काही नाही हो. जरासं चुरचुरतंय. चालू द्या.”

माझं डोकंच फिरलं. बोटात सुई घुसली तरी ‘काही नाही’ म्हणायची जन्माची सवय! हे औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी सडते, आणि हा तर कात्री धरायचा हात. मी ड्रिप बंद केली. सुईशेजारी किंचित फुगलं होतं.

“बंद का केलं?” नवरा ओरडला.

“हात वाचवायचाय म्हणून. सरका.”

डॉक्टर धावत आले. हात तपासून त्यांनी सुई काढली, हात उशीवर उंच ठेवला. मी डाव्या कोपरापाशी जाड शिरेत नवी सुई लावली, आधी नुसतं सलाइन सोडून पाहिलं आणि मगच कॅल्शियम लावलं. तितकंच हळू.

“आता ‘काही नाही’ म्हणालात ना, तर बघा! असेल ते सांगायचं.”

नवराही म्हणाला, “खरं सांग गं.”

ड्रिप संपत आली, तोवर सूज उतरली होती. मी वाकून कातडी बघत होते.

“सिस्टर, दुखतंय.”

माझा हात ड्रिपकडे झेपावला. “कुठे?”

बाईंच्या उजव्या हाताची बोटं उलगडली आणि त्यांनी माझ्या उसवलेल्या बाहीची सेफ्टी पिन चिमटीत पकडली.

“इथे. बघवत नाही हो. काढा ती पिन, आणि सुई-दोरा आणा.”