मुक्या गाडीची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे आणि माझा आवाज जरा मोठा आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी कानात बोटे घालून तक्रार करायला नको. आज मी तुमच्या शाळेच्या ओसरीवर टांगलेली आहे. सुटीची वेळ जवळ आली की तुम्ही सगळे माझ्याकडे कसे डोळे लावून बसता, ते मला वरून दिसते. पण मी काही शाळेसाठी जन्मले नव्हते.

माझा जन्म नाशिकमध्ये पुंजा ओताऱ्याच्या भट्टीत झाला. निफाडच्या एका शेतकऱ्याने आपल्या बैलाच्या गळ्यात बांधायला घंटा सांगितली होती. पुंजाचा हात सढळ, त्याने पितळ जरा जास्तच ओतले. पोळ्याच्या आधी शेतकरी बैलाला घेऊनच दुकानाशी आला. मला गळ्यात बांधले, बैलाने मान हलवली, मी वाजले आणि बैल असा काही उधळला, की समोरच्या भाजीवालीच्या टोपल्यांत जाऊन थांबला.

"पुंजा, घंटा हाय का तोफ रं ही?" शेतकरी ओरडला आणि मला फळीवर आपटून निघून गेला.

त्या फळीवर मी दोन वर्षे धूळ खात पडले. गिऱ्हाईक यायचे, मला टिचकी मारायचे, दचकायचे आणि शेजारची नाजूक घंटा घेऊन जायचे. मला फार वाईट वाटे. आवाज मोठा आहे हा काय माझा गुन्हा होता?

मग एकोणीसशे एकतीस साली एक उंच, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस दुकानात आला. त्याचे नाव सलाउद्दीन. तो पुंजाला म्हणाला, "चाचा, तुमच्याकडची सगळ्यात मोठ्या आवाजाची घंटा दाखवा. ऐकून माणूस जागचा उडाला पाहिजे." पुंजाने मला फळीवरून खाली घेतले आणि एकदाच हलवले. सलाउद्दीन दोन पावले मागे सरला. "बस! हीच!" तो म्हणाला. अहाहा! मित्रांनो, त्या दिवसाचा आनंद मी काय सांगू!

सलाउद्दीन विल्होळीकडच्या एका दगडाच्या खाणीत गाडी चालवी. खाणीत डोंगर फोडून काळा दगड काढत आणि बायका तो फोडून रस्त्यासाठी खडी करत. पूर्वी त्याच बायका दगडाच्या पाट्या डोक्यावरून उतारावरून खाली नेत. मग खाणीच्या मालकाने मुंबईच्या गोदीतून एक जुनी बॅटरीवर चालणारी गाडी आणली आणि तिला लोखंडी रुळांवर बसवले. ना धूर, ना बैल, ना इंजिनाचा खडखडाट. डोक्यावरचे ओझे गेले म्हणून बायकांनी तिला ओवाळले. फक्त तिचा आवाज मुळीच होत नसे. दगडांवर घणांचा ठणठणाट चाललेला असायचा आणि ही पाठीमागून चोरपावलांनी यायची. बायका तिला मुकी गाडी म्हणू लागल्या.

सलाउद्दीन मला घ्यायला आला त्याच्या थोडे आधी एके दिवशी खाणींवर देखरेख ठेवणारे सरकारी इन्स्पेक्टर तपासणीला आले. मजूर त्यांना खाणसाहेब म्हणत. साहेब रुळांमध्ये उभे राहून वहीत काही लिहीत होते, तेवढ्यात गाडी त्यांच्या अगदी पाठीशी येऊन थांबली. सलाउद्दीनने घसा फोडून हाक मारली तेव्हा कुठे साहेबांनी वळून पाहिले. त्यांची टोपी एकीकडे आणि वही दुसरीकडे पडली. टोपी झटकत ते म्हणाले, "मला ऐकू आली नाही, तर पाठमोऱ्या बसलेल्या बाईला काय ऐकू येणार? या गाडीला आधी वाचा द्या."

साहेबांनी तिथेच हुकूम लिहिला. गाडीवर मोठी घंटा हवी. गाडी उभी असली की हँडब्रेक ओढलेला हवा आणि तरीही चाकाखाली लाकडी ठोकळा हवाच. उताराच्या टोकाला मातीचा बांध हवा. यातले एक जरी जागेवर नसले तर गाडी बंद, मग पुन्हा पाट्या डोक्यावर.

खाणीच्या मुकादमांचे नाव कारभारी. ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "साहेब, ब्रेक हाय तर ठोकळा कशाला? अन् त्यो मातीचा ढीग कशापायी?"

"एक विसरला, तर दुसरं आहे म्हणून," साहेब म्हणाले.

मग साहेबांनी सगळ्या बायकांना गोळा केले. "घंटा ऐकली की आधी उठायचं, रुळापासून तीन पावलं मागं सरायचं आणि प्रश्न नंतर विचारायचे," ते म्हणाले. एवढेच नाही, तर बूट घातलेले ते मोठे साहेब खाली मातीत उकिडवे बसले, उठले आणि स्वतः तीन पावले मागे सरून दाखवू लागले. बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. पण दर पंधरा दिवसांनी त्यांच्याकडून ते करून घ्यायचे, असाही हुकूम झाला.

असा मला मान मिळाला! सलाउद्दीनने मला गाडीच्या पुढच्या आकड्याला टांगले आणि माझी दोरी हाताशी घेतली. मी वाजले की घण थांबत, बायका उठत, गाडी पुढे जाई. फळीवरची ती दोन वर्षे मी पार विसरून गेले.

माझ्यावर सगळ्यात जास्त जीव होता धोंडाबाईचा. तिने तीस वर्षे खडी फोडली होती. बोलायला तिखट, पण मनाने लोणी. तिची सून सिंधू तिच्या शेजारीच बसे. धोंडाबाईचा सगळा जीव त्या एका पोरीत अडकलेला. रोज सकाळी ती आधी माझ्यापाशी येई, दोरी स्वतः ओढून बघे, मग चाकाखालचा ठोकळा पायाने चाचपे आणि मगच सुनेला म्हणे, "बस आता. बोलती हाय आज."

असे वर्ष सरले, सिंधूला दिवस गेले आणि पुढच्या साली खंडेनवमी आली. तुम्हाला ठाऊक आहेच, त्या दिवशी कामाची हत्यारे धुऊन पुसून पाटावर मांडतात, त्यांना हळदकुंकू वाहतात आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. सकाळीच खाणीवर हलगी कडाडू लागली. घण, पहारी, छिन्न्या सगळ्या तेल लावून पाटावर बसल्या. कारभारी गुळखोबऱ्याचे ताट घेऊन मिरवत होते.

धोंडाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घणाची पूजा करता, अन् जिनं वर्षभर आमाला राखलं तिची नाय व्हय?" तिने मला आकड्यावरून काढले, चिंचेने घासून लख्ख केले आणि पाटाच्या अगदी मधोमध मांडले. मग तिला आठवण झाली. "अगं बाई, त्यो ठोकळा ऱ्हायलाच की! त्योबी राखतोच." चाकाखालचा ठोकळाही निघाला, धुतला गेला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुंकू लागले होते. बिचारा लाजून चूर झाला.

"आता उद्यापातुर हिला कुणी हात लावायचा नाय," धोंडाबाईने सगळ्यांना बजावले. "लावंल त्याची गाठ माझ्याशी हाय!"

मी इतकी खूश होते की माझ्याही काही लक्षात आले नाही. उताराच्या माथ्यावर गाडी नुसत्या ब्रेकवर उभी होती. सलाउद्दीन नारळ आणायला गेला होता. आणि कारभारी झेंडूचे तोरण घेऊन गाडीवर चढले. तोरण काही केल्या नीट बसेना, कारण ब्रेकचा दांडा मध्ये येत होता. मुकादमांनी तो खाली सारला, तोरण झोकात बांधले, खाली उतरले आणि दोन हात लांबून आपले काम बघत उभे राहिले.

गाडी हलली. आधी अगदी हळू, मग जोरात. नेहमीसारखीच, आवाज न करता.

उताराच्या खालच्या टोकाला सिंधू एका रुळावर बाजूला तोंड करून बसली होती आणि मान खाली घालून रुळांच्या मधोमध रांगोळी काढत होती. गाडी आज सुटीवर आहे, मग रुळांची काय भीती?

"सिंधे! ए सिंधे!" कारभारी ओरडले. सगळे ओरडले. पण हलगी अशी कडाडत होती, की त्या गलक्याला सिंधू सणाचाच गलका समजली. तिने मान वर केली नाही. ती शांतपणे मोराच्या पिसाऱ्यात निळा रंग भरत राहिली.

मित्रांनो, मी पाटावर होते. माझा आवाज माझ्या पोटात होता आणि तो बाहेर काढायला एक हात हवा होता. भोवती चाळीस माणसे होती, पण पुजलेल्या घंटेला हात कुणी लावायचा? एकाचा हात पुढे आला आणि तसाच मागे गेला. तेवढे दोन क्षण मला फळीवरच्या दोन वर्षांहून मोठे वाटले.

आणि मग पाट उलटला! हळद उडाली, कुंकू सांडले, घण गडगडले. धोंडाबाईने मला दोन्ही हातांनी उचलले आणि असे वाजवले, असे वाजवले, की माझा लोलक तुटून पडतो की काय असे मला वाटले. तुटला असता तरी चालले असते. त्या निफाडच्या बैलाच्या गळ्यात वाजले होते त्याच्या दसपट मी वाजले.

सिंधूने उताराकडे वळून पाहिले नाही. तिने विचारही केला नाही. हातातला रंग टाकला, उठली आणि एक, दोन, तीन पावले मागे सरली. मग तिने तोंड उघडले, "काय झालं?"

तिच्यासमोरून झेंडूचे तोरण मिरवत गाडी निघून गेली, मोरावरून गेली आणि मातीच्या बांधात तोंड खुपसून उभी राहिली. हलगीवाला थांबला.

धोंडाबाई धापा टाकत खाली पोचली आणि सुनेला पोटाशी धरून रडू लागली. सिंधू हळूच म्हणाली, "आत्याबाई, पुजलेली घंटा उचलली तुमी?"

"तुला उचलायची येळ येऊ नये म्हणून हिला उचलली, माझे बाय," धोंडाबाई म्हणाली, आणि रडता रडता हसू लागली. मग सगळेच हसू लागले. कारभारी तेवढे बांधाजवळ जाऊन त्या मातीच्या ढिगाला हात जोडून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मात्र हसू मावळले. साहेबांना सांगायचे की नाही? सांगितले तर गाडी बंद होणार आणि बायकांच्या डोक्यावर पुन्हा पाट्या येणार. कारभारी म्हणाले, "कुणाला लागलं नाय, खुपलं नाय. झाकली मूठ ऱ्हाऊ द्या."

सलाउद्दीन मान हलवून म्हणाला, "मुकादम, आज लपवलं तर उद्या पुन्हा तेच होईल. चूक माझीही आहे. गाडी सोडून मी गेलोच कसा?"

साहेब आले तेव्हा धोंडाबाईच पुढे झाली. "साहेब, घंटा मी काढली. ठोकळाबी मीच काढला. पूजा करायची म्हनून काढला. काय सजा द्यायची ती मला द्या, पर गाडी बंद करू नका. माझी सून पोटुशी हाय, तिच्या डोक्यावर पाटी द्यायची नाय मला."

साहेबांनी सिंधूला विचारले, "तू कशी वाचलीस?"

"तुमीच शिकवलं नव्हं का? आदी उठायचं, प्रश्न मंग."

साहेबांनी टोपी काढली आणि चष्मा पुसला. खरे सांगते, चष्म्यावर धूळ नव्हती. नंतर त्यांनी वहीत लिहिलेला हुकूम मोठ्याने वाचून दाखवला, "गाडी चालू राहावी. ब्रेकच्या दांड्याला सलाउद्दीनखेरीज कोणी हात लावू नये. खंडेनवमीस घंटा व ठोकळा यांची पूजा अवश्य करावी, परंतु ती जागेवरच करावी." कारभाऱ्यांनी इतक्या मोठ्याने टाळ्या वाजवल्या, की झाडावरचे कावळे उडाले.

पुढच्या खंडेनवमीला म्हातारी धोंडाबाई हळदकुंकवाची वाटी घेऊन गाडीखाली सरपटत शिरली आणि चाकाखालच्या ठोकळ्याला तिथेच कुंकू लावून आली. तिच्या पाठीला माती लागली होती आणि तिच्या कडेवर जायला सिंधूची लेक मंजुळा हात पसरत होती.

मग त्या खाणीतला चांगला दगड संपला. गाडी विकली गेली, माणसे पांगली आणि मी एका पत्र्याच्या खोलीत गोणपाटाखाली जाऊन पडले. दोन पावसाळ्यांत माझ्या अंगावर हिरवा गंज चढला. पुन्हा फळीवरचेच दिवस आले, असे वाटले. पण यंदा तुमच्या शाळेला घंटा हवी झाली आणि धोंडाबाई काठी टेकत टेकत त्या खोलीवर गेली. तिने मला शोधून काढले, चिंचेने घासले आणि पदरात गुंडाळून इथे आणून दिले.

पहिल्या दिवशी मी वाजले तेव्हा सगळी मुले दाराकडे धावली. एक सहा वर्षांची मुलगी मात्र झटकन उठली आणि तीन पावले मागे सरली. मास्तर म्हणाले, "अगं मंजुळा, सुटी झाली, मागे काय जातेस?" ती म्हणाली, "आजीनं सांगितलंय." मित्रांनो, घंटेला आसवे असती तर मी तेव्हा रडले असते.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. जे तुम्हाला राखते त्याला जपा, घासा, पुसा, त्याची पूजाही करा. फक्त त्याला जागेवरून हलवू नका. आता मास्तर माझ्या दोरीला हात घालत आहेत. मी वाजले की काय करायचे, लक्षात आहे ना? आधी उठा, तीन पावले मागे सरा, आणि मग खुशाल विचारा, काय झालं.