खटका पडला तर मला उठवा

फ्रिजवर चिकटवलेला कागद, माझ्या अक्षरात:

रात्री नऊ ते पहाटे चार गाडी चार्जिंगला असते.
या वेळात एसी नाही, इस्त्री नाही, पाण्याचा पंप नाही, राइस कुकर नाही.
पंखे चालतील.
खटका पडला तर मला उठवा. चार्जिंग आपोआप परत सुरू होत नाही.
– दिदित

फ्रिज सासऱ्यांचा. घर सासऱ्यांचं. त्यांच्या मुलीशी, रेत्नोशी, लग्न करून मी तिथे राहायला आलो आणि तीन वर्षांनी विजेवर चालणारी गाडी घेतली. गावात ती पहिलीच. घराला वीज बावीसशे वॅटची, त्यातली निम्म्याहून जास्त गाडी एकटी खाते. भार जास्त झाला की मुख्य खटका पडतो आणि घरभर अंधार. म्हणून कागद.

वर्षभर सगळ्यांनी तो पाळला. बापाक, म्हणजे सासरे, वय एकाहत्तर, उघड्या अंगाने ओसरीवर झोपायचे. इबू, सासूबाई, साडेआठच्या आत भात शिजवून टाकी भरून ठेवायची. रेत्नोचा थोरला भाऊ कुस्नान शेळ्या पाळतो, त्याच्याकडे एक जुना डिझेल पिकअप आहे. तो यायचा, कागद मोठ्याने वाचायचा आणि म्हणायचा, "भारी गाडी आहे. पेट्रोल नको, धूर नको. फक्त सगळ्या घराने घाम गाळायचा."

मीही हसायचो.

बापाकांचं नाव हजच्या यादीत तेरा वर्षं होतं. इबूचं नाव चार वर्षं उशिरा लागलं, त्यामुळे तिची पाळी अजून दूर आहे. मे महिन्यात बापाकांचं पत्र आलं. सकाळी सहाला लामोंगान शहरातल्या मोठ्या मशिदीसमोर हजर राहायचं, तिथून बस. आमच्या गावापासून अडतीस किलोमीटर. कुस्नान म्हणाला, मी सोडतो. मी म्हणालो, शेळ्यांच्या वासात? बापाक माझ्या गाडीतून जातील.

हे मी चारचौघांत म्हणालो.

आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. बसथांब्यावरून माणसं आणायला मी सात फेऱ्या मारल्या. रात्री नऊला गाडीत सात टक्के उरले होते. मी केबल लावली. सगळ्यांनी पाहिलं. इबूने पाहुण्यांना सांगितलं, आता पंखेच हं, दिदितची गाडी जेवतेय. एक म्हातारी बाई वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत होती.

रेत्नो पाहुण्या बायकांबरोबर बाहेरच्या खोलीत झोपली. मी आमच्या खोलीत एकटा. घरातला एकुलता एक एसी याच खोलीत आहे.

आता पुढचं.

दिवसभर गाडी चालवून मी थकलो होतो. (खरं आहे.) उकाडा फार होता. (सगळ्यांनाच होता.) मला वाटलं, एक तास एसी लावू, अंग निवलं की उठून केबल परत लावू. (एक तासाचा गजर लावला नाही.) मी मागच्या दाराने अंगणात गेलो, गाडीची केबल काढली, खोलीत येऊन दार लावलं आणि एसी सुरू केला.

पहाटेच्या अजानने जाग आली. मला थंडी वाजत होती. मी चादर घेऊन झोपलो होतो.

अंगणात जाऊन पाहिलं तर सात टक्के. मी केबल परत खोचली. कोणी पाहिलं नाही. या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. विसरणं कोणाच्याही हातून होतं. केबल मी शुद्धीत खोचली.

पावणेपाचला बापाकांना निरोप. आमच्याकडे हजला जाणारा उंबऱ्यावर उभा राहतो, त्याच्यासमोर अजान देतात, मग तो बाहेर पाऊल टाकतो. टाकलं की परत घरात यायचं नाही. मागे वळूनही बघायचं नाही. बापाक उंबरा ओलांडून आले ते थेट माझ्या गाडीपाशी. गळ्यात पासपोर्टची पिशवी, डोक्यावर नवी काळी टोपी. रेत्नोने दार उघडलं. ते आत बसले.

मी गाडी सुरू केली. पडद्यावर आठ टक्के.

"काय झालं?" बापाकांनी विचारलं.

म्हटलं, चार्जिंग झालेलं दिसत नाही. रात्री वीज गेली असेल.

इथे बोलता आलं असतं.

शेजारच्याने सांगितलं, वीज कुठे गेली, मी रात्रभर फुटबॉल बघत होतो. लोक गाडीभोवती जमले. तेवढ्यात गर्दीतून इबू पुढे आली. ओढणीच्या टोकाने हात पुसत होती, ते कोरडेच होते.

ती म्हणाली, तीन वाजता तिने पंप लावला होता. टाकी संपली होती, एवढ्या माणसांना नमाजाआधी हातपाय धुवायला पाणी नको का? पाच मिनिटंच लावला. खटका पडला. तिने तो वर केला, दिवे आले, तिला वाटलं झालं.

"कागदावर लिहिलंय ना, मला उठवा म्हणून," बापाक म्हणाले.

"त्याला सकाळी गाडी चालवायची होती. झोपू दे म्हटलं."

पंप आणि गाडी मिळून खटका पडला असं सगळ्यांना वाटलं. तो पंप आणि माझ्या एसीमुळे पडला होता. चार्जिंग तेव्हा चालूच नव्हतं. नऊ ते तीन चार्जिंग झालं असतं तर गाडी निम्मी भरली असती, पण हा हिशेब तिथे फक्त मला येत होता. दिवे आले तसा एसीही आपोआप सुरू झाला आणि मी झोपून राहिलो.

इथेही बोलता आलं असतं.

बापाक खिडकीतून बायकोकडे बघत होते. चिडके नाहीत ते. एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला लोकांसमोर कधी काही बोललेलं रेत्नोला आठवत नाही. त्या दिवशी बोलले. "तेरा वर्षं थांबलो. एक रात्र तुला पाण्यावाचून काढता आली नाही?"

इबू म्हणाली, चुकलंच माझं.

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. गाडी उभी होती तरी.

कुस्नान पिकअप आणायला पळाला, तो गावाच्या दुसऱ्या टोकाला शेळ्यांच्या गोठ्यापाशी असतो. वीस मिनिटं लागली. कोणीतरी अंगणात प्लास्टिकची खुर्ची टाकली. बापाक घराकडे पाठ करून त्यावर बसले. मग त्यांना लघवीला जायचं होतं. घरात जाता येत नव्हतं. समोरच्या घरी विचारायला माणूस गेला, तिथली मंडळी न्हाणीघर रिकामं करून बाहेर उभी राहिली आणि बापाक त्या पोशाखात रस्ता ओलांडून गेले आणि आले. सगळं गाव बघत होतं.

पिकअपमध्ये बापाक पुढे बसले, मागे गवताच्या काड्यांवर मी आणि सामान. कुस्नानने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. सहाला सहा मिनिटं असताना पोचलो.

बसपाशी बापाकांनी रिवाजाप्रमाणे आम्हा दोघांची माफी मागितली. माझ्यापाशी आले, माझे दोन्ही हात हातात घेतले. "दिदित, माझं काही चुकलं असेल, जाणता, अजाणता, तर मनात ठेवू नकोस. मला मोकळ्या मनाने जाऊ दे."

यावर सगळे जे उत्तर देतात तेच मी दिलं. "माझंही बापाक, माफ करा."

ते ऐकून त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं रिवाज झाला.

इबू बसपर्यंत आली नव्हती; मी घरी परतलो तेव्हा ती तशीच अंगणात उभी होती. विचारलं, बस मिळाली? म्हटलं, मिळाली. ती आत गेली आणि तिने तो कागद पुन्हा नीट चिकटवला, त्याचा एक कोपरा सुटला होता.

बावीस दिवस.

या बावीस दिवसांत इबूने रात्री आठनंतर नळाला हात लावला नाही. रेत्नोने दोनदा विचारलं, तुला काय झालंय. मी म्हटलं, ऑफिसचं. गाडी रोज शंभर टक्के. रात्री तीनदा उठून बघायचो.

बाविसाव्या दिवशी, शुक्रवारी, बापाकांचा व्हिडिओ कॉल आला. फोन माझ्या हातात, शेजारी इबू. त्यांचा चेहरा काळवंडला होता, आवाज खोकल्याने बसला होता, पण खूश होते. सगळ्यांची नावं घेऊन दुआ केली म्हणाले. मग म्हणाले, "तुझ्या सासूला सांग, काबासमोर उभा राहून मी तिला माफ केलं. पंपाचं. माझ्या मनात आता काही नाही."

इबूने मान खाली घातली आणि म्हणाली, "बरं वाटलं ऐकून."

तिला खरंच बरं वाटलं होतं. मला तिथे बसवेना.

"बापाक," मी म्हटलं, "पंपाने काही झालं नव्हतं. चार्जिंगची केबल मीच काढली होती. एसी लावायला. मग झोप लागली. सकाळी गुपचूप परत लावली. इबूचा काही दोष नाही."

पलीकडे माणसं चालत होती, कोणी अरबीत काहीतरी विकत होतं.

"तिला फोन दे," ते म्हणाले.

मी दिला आणि अंगणात गेलो. आतून शब्द कळत नव्हते. बापाकांचाच आवाज येत होता, थांबत थांबत. इबू मध्ये एकदा म्हणाली, असू दे हो. मग खोकला. मग पुन्हा तेच, असू दे.

मी वाट बघत होतो, आता मला बोलावतील. शिव्या देतील, नाहीतर माफ करतील. दोन्हीची तयारी होती.

इबू बाहेर आली. फोन माझ्या हातात दिला. कॉल बंद झाला होता.

"माझ्याशी बोलायचं नव्हतं त्यांना?"

"नाही म्हणाले आज."

ती पायरीवर बसली. मीही बसलो, एक पायरी खाली. ती समोरच्या घराकडे बघत होती. रडली असावी, पण चेहरा धुतला होता.

"त्यांना सांगायला तुला बावीस दिवस लागले," ती म्हणाली.

"हो इबू."

"आणि मला तर तू अजून सांगितलंच नाहीस. मी शेजारी बसले होते म्हणून ऐकलं."

मी तिच्याकडे तोंड करून वळलो. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण उठलीही नाही. मी सुरुवातीपासून सांगायला लागलो, सात टक्क्यांपासून. पहिलं वाक्य दोनदा म्हणावं लागलं.