गहाळ दाखवलेलं कपाट

वाचनालय बंद होणार हे कळलं तेव्हा वहिनी रडली. मी आधी सगळ्यांवर तोंडसुख घेतलं आणि मग माझ्या कपाटाची चौकशी केली. पुस्तकं मध्यवर्ती वाचनालयात जाणार होती, आणि ब्रेलचं कपाटही नक्की जाईल असं तिथल्या साहेबांनी तोंड भरून आश्वासन दिलं होतं.

वहिनी इथली ग्रंथपाल. मला जन्मापासून दिसत नाही. दादाने लग्नाआधी तिला माझ्याबद्दल सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली म्हणे, की नणंदेला वाचायला आवडत असेल तर आमचं जमेल. जमलं. ती वाचून दाखवायची, मी ब्रेलच्या यंत्रावर बडवायचे, आणि चूक झाली की दोघी एकमेकींवर खेकसायचो. कपाटातलं जवळजवळ सगळं असंच तयार झालं होतं.

आता जुन्या सिस्टिममधून सगळ्या पुस्तकांच्या नोंदी एक्सपोर्ट करून एक फाइल साहेबांकडे पाठवायची होती. फाइलमध्ये ज्याची नोंद, ते पुस्तक गाडीत. ज्याची नाही, ते कागदाच्या लगद्याला. वहिनीने डोळ्यांत तेल घालून काम केलं. (माझ्या डोळ्यांत कितीही घातलं तरी उपयोग नव्हता.) फाइल पोचली आणि जुनी सिस्टिम कायमची बंद झाली.

गाडी आली त्या दिवशी मी कपाटाला टेकून ठाण मांडलं. नेणारा माणूस एकेका पुस्तकावर स्कॅनर धरत होता. नोंद सापडली की स्कॅनर एकदा वाजायचा, नाही सापडली की दोनदा. सकाळभर बाकीच्या कपाटांचं एकेकदाच वाजणं ऐकून मी निवांत होते. मग माझं पहिलं पुस्तक दोनदा वाजलं. दुसरंही दोनदा. तिसरं त्याने पुसून पुन्हा धरलं, तरी तेच.

मी वहिनीला हाक मारली. ती आली, आणि तिच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पडला.

"अगं, आपण ही सगळी गहाळ दाखवली होती ना," ती म्हणाली.

दाखवली होती. उशीर झाला की सिस्टिम आपोआप पत्र धाडायची, पुस्तक परत करा म्हणून. तेही छापील. आंधळ्या माणसाला छापील पत्र पाठवणाऱ्या यंत्रापुढे काय बोलणार? बोटांनी वाचायला महिने लागतात. शिंपीकाकांची नजर म्हातारपणी गेली, सुयांनी निबर झालेल्या बोटांनी ते माझ्याकडे ब्रेल शिकले, आणि पहिल्याच पत्राने इतके ओशाळले की अर्धं वाचलेलं पुस्तक परत घेऊन आले. त्या दिवशी आम्ही अख्खं कपाट गहाळ करून टाकलं. गहाळ पुस्तकासाठी पत्र जात नाही. कुणाकडे काय आहे, ते माझ्या डोक्यात असायचं.

एक्सपोर्ट करताना सिस्टिम गहाळ पुस्तकं वगळते. ती खूण काढायचं वहिनीच्या लक्षात आलं नाही, आणि माझ्याही नाही. इतकी वर्षं कपाट रोज हाताखालचं. ते गहाळ आहे हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

वहिनीने साहेबांना फोन लावला. आधी समजावलं, मग विनवलं. त्यांनी हळहळ व्यक्त केली. आता फाइल उघडून त्यात भर घालता येत नाही, आणि नोंद नसलेलं पुस्तक कुणाला घरी नेऊ द्यायचं नाही असा वरचा हुकूम आहे, म्हणाले. मी फोन हिसकावून त्यांना नको नको ते बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याचाच जास्त संताप आला.

नेणारा माणूस वाईट नव्हता. कागद जाड आहे, लगदा चांगला होईल, असं म्हणाला. मला बरं वाटावं म्हणूनच बहुतेक. मग तो पुस्तकं उचलायला लागला. मी कपाटापासून बाजूला झाले. वहिनीने माझा हात धरला होता.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मी उचलला. शिंपीकाका. कादंबरीचा दुसरा भाग त्यांच्याकडे होता, तिसरा या कपाटात.

"ताई, दुसरा संपत आलाय. तिसरा ठेवलाय ना? ती बाई बोटीत चढते की नाही, ते मात्र सांगू नका हं."

दाराकडे त्या माणसाच्या पायांचा जड आवाज गेला आणि हलका होऊन परत आला.

"ठेवलाय," मी म्हणाले. "पण तुम्ही दुसरा सावकाश वाचा, काका. अजिबात घाई नाही."