चांदीने मढवलेला क्रूस

मी ब्राइला गावच्या देवळातला लाकडी क्रूस. जातीचा भित्रा, हे आधीच सांगून टाकतो. सध्या डॅन्यूब नदीच्या तळाशी, चिखलात पडून बोलतोय.

माझा जन्म पलीकडच्या बेटावरचा. तेव्हा तिथं दलदल होती, मासे होते, वाळुंजाची झाडं होती. पुढं माणसांनी बांध घातले, पाणी हटवलं आणि गहू पेरला. मी त्याआधीचा. एका कोळ्यानं वाळुंजाच्या हलक्या लाकडातून मला कोरलं आणि देवळाला दिलं.

गाव आमचं हट्टी. तुर्कांचा किल्ला पाडून तिथं धनुष्यासारखे वाकडे रस्ते आखले. कुठल्याही रस्त्यानं जा, दोन्ही टोकांना नदीच! ग्रीक व्यापारी आले, गव्हाची जहाजं भरून गब्बर झाले, निघून गेले. नदी कुठं जातेय? ती रोज दारात उभी. मला तिची फार भीती वाटते.

कारण दर जानेवारीत, पाणी पवित्र करायच्या सणाला, पाद्रीबाबा मला तिच्यात फेकायचे. पाण्यावर बर्फाचे तुकडे वाहत असतात. तरणी पोरं उड्या घेतात. मी ज्याच्या हाती लागेन त्याचं वर्ष सुखाचं जातं म्हणे. मी आपला तरंगत राहायचो. बहुतेकदा गोदीतला स्पिरूच मला गाठायचा.

एकदा गोदीत माल उचलायची साखळी तुटली आणि स्पिरू मरता मरता वाचला. त्याची आई झाम्फिरा तडक देवळात आली.

"पाद्रीबाबा, या क्रूसाला चांदीनं मढवते. नवस बोललेय."

"अहो झाम्फिराबाई, तो पाण्यात टाकायचा असतो."

"मग? तुमच्या तसबिरी मढवलेल्या चालतात, आणि यानं तेवढं थंडीत उघडं फिरायचं?"

पाद्रीबाबांनी मला तिच्या हाती दिलं. नवसाला नाही कोण म्हणणार? सोनार पत्रा ठोकत होता आणि मी आतून ओरडत होतो, अगं बाई, मी बुडेन! पण लाकडाचं कोण ऐकतो? जो तो म्हणे, काय देखणा दिसतोय!

सणाच्या दिवशी धक्क्यावर ही गर्दी.

"स्पिरू, लेका, यंदा तरी दुसऱ्याला मिळू दे की!"

"आधी पाण्यात तर उतर, मग बोल!"

पाद्रीबाबांनी मला फेकलं. मी दगडासारखा खाली गेलो. बाकीची पोरं वरच चाचपडत राहिली, स्पिरूनं मात्र बुडी मारली. त्यानं मला पकडलं, तोच धारेनं आम्हा दोघांना बर्फाखाली ओढलं. वरून झाम्फिरा किंचाळत होती, "सोड रे त्याला! सोड!" मीही तेच म्हणत होतो. आईचा नवस तो कसा सोडेल? छातीतली हवा संपली तेव्हा कुठं त्याची बोटं सुटली. तो वर गेला. आई त्याला बडवत होती आणि रडत होती, एवढं मला ऐकू आलं.

आज पुन्हा सणाच्या घंटा वाजल्या. वर नवा क्रूस पडलाय, साधा लाकडाचा, छान तरंगतोय. सगळे त्याच्याकडे झेपावलेत. एक जण मात्र वळला. डोकं खाली घालून सरळ माझ्याकडं येतोय.

झाम्फिराबाई, तुमचा नवस कधीच फिटला हो, मी सांगतो ना! हाक मारा त्याला. माझं तो ऐकत नाही.