पत्ता बदलला तेव्हा

मित्रांनो, करड्या रंगाची, अकरा वर्षं चाललेली आणि उजव्या अंगाला एक पोचा पडलेली स्कूटर म्हणजे मी. आज मी चाकणजवळच्या निघोज्यात, घरमालकीण सोजराबाईंच्या पत्र्याच्या शेडखाली उभी असते. माझ्या पाटीवरचा नंबर मात्र जन्मापासून हाच नव्हता. तो कसा बदलला, ते तुम्हाला सांगते.

माझी पहिली नोंद कर्नाटकात झाली, भालकीला. इम्तियाज नावाच्या माणसानं मला दुकानातून आणलं. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की तो त्यांना नवी तार भरून द्यायचा. पुढं तांब्याच्या तारेचं वेटोळं, मागं हत्यारांची पिशवी, अशी मी त्याच्याबरोबर गावोगाव हिंडले. शेताच्या बांधापर्यंत जायची मला सवयच झाली होती. धुळीनं माझा रंग कळेनासा व्हायचा, पण दर शुक्रवारी तो मला धुवायचा आणि धुताना माझ्याशी बोलायचा. "चल गं, आज तुला आराम," असं म्हणायचा. मला तेव्हा वाटायचं, सगळ्या गाड्यांशी त्यांचे मालक असेच बोलत असतील.

लग्नानंतर त्यानं खैरुन्निसाला, म्हणजे त्याच्या बायकोला, गावामागच्या माळावर नेऊन माझ्यावर बसवलं. ती शिवणकाम करायची, हात स्थिर होता, पण ब्रेक म्हटलं की दोन्ही पाय खाली टेकायची. माझा पोचा त्याच माळावरच्या बाभळीचा आहे. ती रडवेली झाली, तर इम्तियाज म्हणाला, "पोचा गाडीला पडला ना, तुला नाही ना? मग परत बस."

चार वर्षांपूर्वी इम्तियाजच्या छातीत कळ आली. मीच त्याला दवाखान्यात नेलं. खैरुन्निसा पुढं बसली होती आणि त्याला ओढणीनं स्वतःच्या पाठीशी बांधलं होतं. परत येताना माझ्यावर ती एकटी होती.

त्यांना मूलबाळ नव्हतं. इम्तियाजचा धाकटा भाऊ मुबीन शेजारीच राहायचा. गाड्या दुरुस्त करायचा. भाभीच्या घरात पीठ, तेल, गॅस संपायच्या आधी तो आणून ठेवायचा. पण त्याबरोबर ती कुठं जाते, किती वाजता येते, हेही तो विचारू लागला. खैरुन्निसानं दोन वर्षं ते सोसलं. मग चाकणला मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायला बायका हव्यात, असं तिला एका मैत्रिणीनं कळवलं. तिनं शिलाई मशीन विकलं, कपड्यांची एक पेटी भरली आणि मला एका मालवाहू टेंपोत दोरांनी बांधून ती निघाली. मुबीनला तिनं पुण्यात उतरल्यावर फोन केला. त्यानं फोन ठेवून दिला.

निघोज्यात सोजराबाईंनी तिला खोली दिली. सोजराबाई म्हणजे जुन्या गावकरी घरातल्या. जमिनीवर कारखाने आले तेव्हा त्यांनी दारापुढं चार खोल्या बांधल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी खैरुन्निसाला विचारलं, "एकलीच हायेस व्हय? मग रातच्या भाकरीला माझ्याकडं येत जा. एकलीसाठी तवा तापवू नगंस."

सकाळची शिफ्ट सातची. कंपनीची बस हमरस्त्यावरून जायची आणि तिथपर्यंत पाऊण तास चालावं लागायचं. मी होते म्हणून खैरुन्निसा थेट कंपनीच्या गेटवर वेळेवर पोचायची. तिथं तिनं माझ्यासाठी उरलेल्या कापडाचं एक कव्हर मागून घेतलं आणि दुहेरी शिलाई घालून माझी सीट मढवली. एवढी सुबक सीट माझ्या नव्या दिवसांतही नव्हती.

दहा महिने असे गेले. मग एका सकाळी चौकात हवालदारानं आम्हाला थांबवलं. त्यानं कागद पाहिले, माझी पाटी पाहिली.

"ताई, इकडं येऊन किती दिवस झाले?"

"दहा महिने."

"कायमचं राहायचंय की परत जायचंय?"

हा प्रश्न तिला अजून कुणी विचारला नव्हता. "राहायचंय," ती म्हणाली.

"मग दुसऱ्या राज्याच्या नंबरावर वर्षभरच चालतं. तुमच्याकडं दोन महिने राहिले. आणि इम्तियाज कोण?"

"माझे मालक होते. वारले."

हवालदारानं कागद घडी घालून परत दिले. "तर आधी गाडी तुमच्या नावावर व्हायला हवी. तिकडच्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणा. मग इथला कर भरायचा, मग इथला नंबर. आजचं सोडतो. पण कामाला लागा."

ती कामाला लागली. इथला पत्ता दाखवायचा तर नोंदणी केलेला भाडेकरार हवा. त्याचं नाव काढताच सोजराबाई उठून आत गेल्या. दोन दिवस भाकरीला हाक मारली नाही. त्यांच्या चुलत दिराची खोली म्हणे अशाच कुठल्या कागदावरून अडकली होती. तिसऱ्या दिवशी खैरुन्निसा स्वतःच त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली आणि करार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. मी समोरच उभी होते. अकरा महिन्यांची मुदत कुठं लिहिलीय, खोली मालकाचीच राहते असं कुठं लिहिलंय, तिथं तिथं तिनं बोट ठेवलं.

"आनि ही समदी माझ्याच बाजूची कलमं हायेत व्हय?" सोजराबाईंनी विचारलं.

"काही माझ्या बाजूची आहेत. महिनाभर आधी सांगितल्याशिवाय मला काढता येणार नाही."

"तुला काढतंय कोन," असं म्हणून त्यांनी पदराला अंगठा पुसला आणि ठसा द्यायला तयार झाल्या. मग पोलीस चौकीत भाडेकरूची माहिती गेली, आधारवरचा पत्ता बदलला, मतदार यादीत नाव घालायचा अर्जही झाला. प्रत्येक कागदाची एक प्रत ती माझ्या डिकीत निळ्या पिशवीत ठेवायची. माझ्या पोटात तिचं नवं गाव हळूहळू भरत होतं.

माझं काम मात्र अडलं. दाखल्याच्या अर्जावर माझ्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराचा पेन्सिलीनं घेतलेला ठसा लागतो. तो नंबर पाय ठेवायच्या जागेखालच्या नळीवर आहे. इतक्या वर्षांचा चिखल आणि गंज त्यावर बसला होता. खैरुन्निसानं चार वेळा कागद लावून पाहिला. कधी अर्धा नंबर उमटायचा, कधी नुसता काळा डाग. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे कायद्यानं इम्तियाजचा दुसरा वारस मुबीन होता. त्याच्या संमतीशिवाय मी तिच्या नावावर होणार नव्हते.

शेजारच्या खोलीतला धनेश भला मुलगा होता, कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा. तो म्हणाला, "ताई, कशाला एवढा त्रास? पाटीवाल्याकडून इथल्या नंबराची पाटी करून लावा. कोण बघतंय?"

"उद्या कुणी मला ठोकरलं तर? खोट्या नंबरावरची बाई कोण, हे कुणाला कळणार?" खैरुन्निसा म्हणाली. "मी इथं लपून राहायला नाही आले, धनेशभाऊ."

तिनं मुबीनला फोन केला. माझ्याजवळच उभी राहून बोलत होती, त्यामुळं त्याचा आवाज मलाही आला. "भाईची एवढीच एक वस्तू राहिली होती," तो म्हणाला. "तीपण तुम्ही उचलून नेली. सही नाही करणार. रविवारी टेंपो घेऊन येतो आणि गाडी परत आणतो."

मित्रांनो, त्या आठवड्यात मला पहिल्यांदा भीती वाटली. भालकीचा तो माळ, ते बांध मला प्रिय होते. पण मुबीनकडं मी शेडमध्ये झाकून उभी राहिले असते, आठवणीसारखी. आणि इकडं खैरुन्निसा पहाटे उठून पाऊण तास चालत निघाली असती.

रविवारी भल्या सकाळी मुबीन आला. त्या दिवशी कंपनीत जादा काम होतं, म्हणून खैरुन्निसा निघायच्या तयारीत होती. मुबीन बारीक झाला होता. टेंपो रस्त्यावर उभा करून तो थेट माझ्याकडं आला. टायर दाबून पाहिले, ऑइल पाहिलं. सीटच्या शिलाईवरून हात फिरवला. ऑइल बदलल्याची तारीख खैरुन्निसानं चिकटपट्टीवर लिहून हँडलखाली आतल्या बाजूला लावली होती, ती त्यानं वाचली.

"भाभी, न्यायला आलोय मी," तो म्हणाला.

"हक्क आहे तुमचा. मी अडवणार नाही," खैरुन्निसा म्हणाली. "फक्त मला गेटपर्यंत सोडा. नाही, मीच नेते, तुम्हाला रस्ता माहीत नाही. मागं बसा. तिथून गाडी घेऊन या."

मुबीन संकोचून मागं बसला. मागची दांडी त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. खैरुन्निसानं कंटेनरच्या रांगेतून मला अलगद काढलं, वळणावर दिवा दाखवला, गतिरोधकावर वेग कमी केला. एकदाही पाय खाली टेकले नाहीत.

"भाईनं शिकवली ना?" मुबीननं विचारलं.

"त्यांनीच."

"मला वाटायचं तुम्हाला फक्त माळावर येते."

गेटवर खैरुन्निसानं किल्ली त्याच्या हातात दिली. "खोलीत भाजी झाकून ठेवलीय. खाऊनच निघा. संध्याकाळी मी चालत येईन." ती आत गेली. हजेरीचं कार्ड पंच करून वळून बघायला काही ती थांबली नाही.

मुबीननं मला सावकाश परत आणलं. टेंपोवाला दोर काढून तयार होता. मुबीननं माझी सीट उचलली, हत्यारं काही आहेत का बघायला, आणि त्याला ती निळी पिशवी दिसली. त्यानं एकेक कागद काढला. भाडेकरार, आधार, विमा, इम्तियाजचा मृत्यूचा दाखला. आणि तळाशी पेन्सिलीनं काळे केलेले चार कागद. ते चार कागद तो किती वेळ बघत बसला, सांगता येणार नाही. टेंपोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. मुबीन उठला, रस्त्यावर गेला आणि टेंपो रिकामाच परत पाठवला.

मग त्यानं सोजराबाईंकडं एक जुनं फडकं मागितलं. पेट्रोलात भिजवून तो माझ्याखाली आडवा झाला. आधी चिखल काढला. मग सर्वांत बारीक पॉलिश पेपर घेऊन, बाळाचं डोकं चोळावं तसा, गंज उतरवत राहिला.

"जोरात घास की," सोजराबाई ओट्यावरून म्हणाल्या.

"नको मावशी. आकडे झिजले तर ही कुणाचीच राहणार नाही."

माझ्यावर कोरलेला तो नंबर माझी ओळख होती आणि ती मीच विसरले होते. एकेक आकडा मोकळा होत गेला तसं मला फार हलकं वाटलं.

खैरुन्निसा चार वाजता चालत आली. मला शेडमध्ये पाहून ती दारातच थबकली. मुबीननं काळे झालेले हात पुसले आणि एक कागद पुढं केला. त्यावर सबंध नंबर उमटला होता.

"शेवटून तिसरा आकडा आठ आहे, भाभी. तुमच्या कागदांवर तो तीनसारखा उमटला होता."

ती कागदाकडं बघत राहिली. "मुबीनभाई, मी न सांगता आले. ते चुकलं माझं."

"सांगितलं असतं तर मी येऊ दिलं नसतं," मुबीन म्हणाला. "सही कुठं करायची ते दाखवा. आणि भालकीच्या कार्यालयातले हेलपाटे मी घालतो. तुमची सुट्टी कशाला मोडायची?"

दाखला यायला पाच आठवडे लागले. मुदतीला चार दिवस उरले असताना इथल्या कार्यालयाच्या पटांगणात निरीक्षकानं माझे दिवे, माझा हॉर्न आणि तो कोरलेला नंबर तपासला. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "मालकाचं नाव?"

"खैरुन्निसा इम्तियाज," ती म्हणाली. पत्ता सांगताना तिनं कागदाकडं पाहिलं नाही.

नवी पाटी बसली त्या दिवशी मी थोडी उदास होते. अकरा वर्षांचं नाव स्क्रूसकट निघालं होतं. पण मुबीननं फोनवर सांगितलं, "जुनी पाटी कुरियरनं पाठवा, भाभी. दुकानात लावतो." ते ऐकून मन निवलं.

मित्रांनो, मला काही फार शहाणपण नाही. नव्या गावी राहायला गेलात, तर तिथले कागद वेळेवर करा. ते जाचासाठी नसतात. तुम्ही तिथले आहात, हे तेच सांगतात. ज्याच्यावर माया आहे त्याला नुसतं धुऊन पुसून ठेवू नका, त्याचं नावगावही नीट ठेवा. आणि तुमच्या गल्लीत कधी परक्या नंबराची गाडी उभी दिसली, तर तिच्या मालकाला आधी पाणी विचारा. मग कुठल्या कार्यालयात जायचं, ते सांगा.